तिसऱ्या डब्यातलं फडकं

पिवळं

शेठनी बॉनेटवर बोट टेकवलं, उचललं आणि बोटाकडे पाहिलं. बोटाला काही लागलं नव्हतं.

"वाळलंय," ते म्हणाले. "म्हणजे आतनं आलंय."

पांढरी ॲम्बॅसॅडर होती. लग्नाच्या वरातींना भाड्यानं जाणारी. आदल्या संध्याकाळी शेवटचा रंग मारून झाला तेव्हा तिच्यावर डाग सोडा, माशी बसलेली नव्हती. सकाळी शटर वर केलं तर बॉनेटवर आणि डाव्या दारावर फिकट पिवळे फराटे. पुसणाऱ्याचा हात जसा फिरला असेल तसे, गोल गोल.

काशिनाथ डेंटर गुडघ्यांवर हात ठेवून वाकला होता. "शेठ, नवरदेवाच्या आधी गाडीलाच हळद लागली की."

कुणी हसलं नाही.

"अक्काला बोलवा," शेठ म्हणाले.

मी त्यांच्या मागंच उभी होते.

टेरिकॉट

अक्का म्हणजे मी. अनसूया चिलवेरी. वय तेव्हा एकतीस. सोलापुरात होटगी रोडला हत्तुरे शेठचं गाड्या रंगवायचं गॅरेज होतं, तिथं माझं काम एकच होतं. फडकी निवडणं.

असं काम असतं हे मलाही माहीत नव्हतं. त्याआधी मी गल्लीतल्या सगळ्या बायकांसारख्या विड्या वळत होते. नवरा भिवंडीला मागावर गेला. आधी दिवाळीला यायचा. मग दिवाळीला निरोप यायचा. मग निरोप आणणारा माणूस माझी नजर चुकवायला लागला, तेव्हा मी विचारायचं सोडलं. भाऊ म्हणत होता, आमच्याकडं येऊन राहा, पोरांना बघ, वहिनीला हाताखाली कुणीतरी पाहिजेच आहे. हाताखाली हा शब्द त्यानं अगदी प्रेमानं वापरला.

मला माझी खोली ठेवायची होती. कुलूप माझं, चूल माझी. गॅरेजमधलं काम टिकलं तर खोली टिकणार होती, गेलं तर भावाचं घर. इतकं सरळ होतं ते.

पहिल्या दिवशी शेठनी मला एक काळी गाडी दाखवली. दारावर इथून तिथून रेघ. "आधीच्या बाईनं ब्लाऊजचा हूक राहिलेलं फडकं दिलं. तिला तिथनंच घरी पाठवलं." 

मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बोहारणींकडून आणलेल्या जुन्या कपड्यांची गाठोडी यायची. ती उसवायची, बटणं-हूक-चेन कापायचे, कपडे टराटरा फाडायचे आणि तीन डब्यांत टाकायचे. पहिला डबा इंजिनाचा. तिथं काहीही चालतं, तेलात काळं होऊन संपतं. दुसरा हात पुसायचा. त्यात टॉवेलचे सेकंड, म्हणजे विणीत खोट निघालेले तुकडे, सोलापुरात त्यांना तोटा नाही, पण त्यांची लव गाडीला चिकटते म्हणून गाडीपासून लांब. तिसरा डबा शेवटच्या पुसण्याचा. रंगाआधी पत्र्यावर थिनरचं फडकं फिरतं, तेव्हा धूळ, तेल, बोटांचे ठसे, सगळं उचललं गेलं पाहिजे आणि फडक्यानं स्वतःचं काही मागं ठेवता कामा नये.

स्वतःचं काही मागं न ठेवणारं कापड फार कमी असतं.

बनियन

हे वाक्य माझं नाही. मिस्त्रींचं आहे.

राजेशम येमुल, गॅरेजचे पेंटर. सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे. आमच्याच समाजातले, घरी तेलुगू. गॅरेजभर मी अक्का होते. ते एकटे अनसूयाबाई म्हणायचे. चहाच्या वेळेला बाकीचे टपरीवर जायचे. मिस्त्री आपला ग्लास घेऊन शेडमध्ये यायचे आणि उलट्या बादलीवर बसायचे. पहिल्या आठवड्यात म्हणाले:

"डोळे मिटा."

"कशाला?"

"डोळ्यानं निवडाल तर पांढरं ते चांगलं वाटंल. मिटा. गालाला लावा. काय आहे?"

"गार लागतंय."

"टेरिकॉट. पहिल्या डब्यात. हे?"

"उबदार आहे. बनियन."

"कुठला भाग?"

"पाठ."

"कशावरनं?"

"पोटाकडनं घासून पातळ झालेलं असतं. हे जाड आहे."

मिस्त्रींनी ग्लास खाली ठेवला. "कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. धुणं धुतलंय की जन्मभर."

तेव्हापासून तो आमचा खेळ झाला. एक कपडा उचलायचा आणि माणूस सांगायचा. हा सदरा मास्तरचा, उजव्या बाहीला खडू. हे धोतर दुकानदाराचं, बसून बसून मागं विरलंय. ही चोळी लेकुरवाळीची. एकदा एका शर्टाचा डावा खांदा झिजलेला होता, मी म्हणाले, हमाल. मिस्त्री म्हणाले, शाळेचं दप्तर एकाच खांद्यावर घेणारा पोरगा, बाही बघा केवढी आहे. मी हरले. फार दिवसांनी कुणाशी तरी हरले होते. बरं वाटलं.

दुसऱ्या कशाबद्दल आम्ही बोललो नाही. त्यांच्या बहिणींची लग्नं त्यांनी केली, आई गेली, त्यांचं राहून गेलं, हे मला काशिनाथकडून कळलं. "मिस्त्री, औंदा तरी?" असं तो दर तुळशीच्या लग्नाला विचारायचा. मिस्त्री म्हणायचे, "बघू." माझ्याबद्दल त्यांना काय काय कळलं असेल, तेही काशिनाथकडूनच.

एक सवय माझी मी लावून घेतली. तिसऱ्या डब्यात जाणाऱ्या प्रत्येक तुकड्याची किनार मी फाडून काढायचे. किनारीचा धागा जाड असतो, ओल्या रंगावर ओरखडा काढतो. किनार आहे म्हणजे ते फडकं माझ्या हातून गेलेलं नाही.

कापड नाही

मार्गशीर्षात मिस्त्री आठवडाभर सुट्टीवर गेले. नारायणपेठला, आत्याकडे, काहीतरी काम आहे म्हणाले.

आठवडाभर मी चहा शेडच्या दारात उभी राहून प्यायले.

परत आले तेव्हा काशिनाथनं विचारलं, "काय आणलं गावाकडनं?"

"काही नाही."

"सात दिवस राहून काही नाही? आत्या लई चिकट दिसती."

मिस्त्री पिस्तूल उघडून नोझल साफ करत बसले. रंग उडवायच्या यंत्राला गॅरेजमध्ये पिस्तूल म्हणतात. त्यांची नखं पिवळी होती. पण पेंटरची नखं. आज पिवळी, उद्या निळी. कोण बघतो.

चहाच्या वेळेला ते शेडमध्ये आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी मी बादली उलटी करायची सोडली.

उपरणं

"हे," शेठ म्हणाले, आणि फडकं माझ्यासमोर धरलं.

थिनर उडून गेल्यावर कापड कडक होतं. पांढरं म्हणावं तर पांढरं, पण घडीच्या आत पिवळसर झाक. अंगणात कडक उन्हात वाळलेली हळद उडते. पेटीत घडी घालून ठेवली तर बसून राहते. आणि थिनर लागला की जिवंत होते.

"कुठल्या डब्यातलं?" शेठनी काशिनाथला विचारलं.

"तिसऱ्याच. मी दुसरीकडं कशाला हात घालू? थिनर लावला, पुसलं, मिस्त्रींनी वरनं रंग मारला. माझं काम तेवढंच."

मी ते फडकं हातात घेतलं. सुती उपरणं होतं. दोन्ही बाजूंची किनार शाबूत.

काय सुटल्यासारखं वाटलं ते सांगता येणार नाही. माझ्या हातचं नव्हतंच ते. एवढं म्हटलं असतं, तिसऱ्या डब्यातली बाकीची फडकी बाहेर काढून दाखवली असती, एकालाही किनार नाही, तर शेठनी मान्य केलं असतं. कडक होते, पण आंधळे नव्हते. माझं तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात नजर मिस्त्रींकडे गेली.

ज्याचा रंग नासला तो पेंटर गाडीकडे बघतो. मिस्त्री गाडीकडे बघत नव्हते. माझ्या हातातल्या कापडाकडे बघत होते, आणि असे बघत होते की मी ते उघडून धरलेलं त्यांना सहन होत नव्हतं.

मी अंगठ्यानं टोकं चाचपली. चारही. मग ते उपरणं मी घडी घालून ठेवलं. फडक्याला कुणी घडी घालत नाही. घातली गेली.

"माझ्याच हातून गेलं," मी म्हणाले. "बोहारणीच्या गाठोड्यात होतं. स्वच्छ वाटलं."

"हळदीचा वास नाही आला?"

"इथं थिनरच्या वासात काय कळतंय शेठ."

"अक्का," काशिनाथ म्हणाला, "भिवंडीहून पार्सल आलं नव्हतं ना? तिकडं दुसरी हळद झाली असंल."

या वेळी सगळे हसले. शेठही अर्धवट हसले आणि मग आवरलं. मिस्त्री हसले नाहीत. बोललेही नाहीत.

"उद्यापासनं येऊ नका," शेठ म्हणाले. मग म्हणाले, "जेवणाचा डबा राहील तुमचा. घेऊन जावा आठवणीनं."

गाठ

मागच्या नळावर मी डबा धूत होते. धुवायचं काही कारण नव्हतं, त्यातली भाकरी अजून खाल्लेली नव्हती. ती पदरात बांधून घेतली होती.

"किनार फाडलेली नव्हती," मिस्त्री मागून म्हणाले.

"नव्हती."

"मग बोलला का नाहीत?"

"गाठही नव्हती," मी म्हणाले.

आमच्या घरांतून नवरदेवाला हळद लागते तेव्हा जे उपरणं खांद्यावर असतं, तेच मांडवात येतं. त्याच्याच टोकाला नवरीच्या पदराची गाठ मारतात. अशी आवळतात की ओढाओढीत सुटू नये. घरी देवासमोर ती सोडली, तरी सुती कापडावर तिचा वळ राहतो. कितीही धुवा, अंगठ्याला लागतो. मी चारही टोकं बघितली होती. हळद होती. वळ नव्हता.

मिस्त्री नळाजवळच्या दगडावर बसले. बराच वेळ त्यांच्या बुटांकडे पाण्याची धार जात होती, त्यांनी पाय हलवले नाहीत.

"सकाळपासनं मांडवात बसलो होतो," ते म्हणाले. "त्यांच्याकडचं कुणी येईना. मग एक म्हातारा आला. म्हणाला, पोरगी नको म्हणते. तिला वय कळलं."

"किती सांगितलं होतं?"

"आत्यानं छत्तीस सांगितलं."

"आणि?"

"सेहेचाळीस."

मला हसू आलं. वाईट वाटत असतानाच आलं. त्यांनी वर पाहिलं आणि त्यांच्याही तोंडावर काहीतरी हललं.

"दहा वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत, मिस्त्री."

"मला विचारून सांगितलं नाही तिनं. मी तिथं जाईपर्यंत माझं मलाच माहीत नव्हतं मी छत्तीसचा आहे ते."

मग बोलले ते दगडाकडे बघून बोलले. उपरणं घरात ठेववेना. फेकवेना. हळदीचं कापड जाळू नये म्हणतात. मग म्हटलं, पहिल्या डब्यात टाकावं. इंजिनाला लागंल, काळं होईल, कुणाच्या ध्यानातही येणार नाही कधी पांढरं होतं. "काशिनाथनं पहिल्यातनंच उचललं असणार. पांढरं दिसलं म्हणून. तिसऱ्या डब्यापर्यंत चार पावलं जायचा कंटाळा त्याला."

"असंल."

"मी रंग कालवत होतो. बघितलंच नाही त्यानं काय घेतलं."

"बरं."

"कुणाला सांगू नका, अनसूयाबाई."

"सांगायचं असतं तर मी इथं डबा घासत बसले नसते."

ते उठले. मला वाटलं अजून काही बोलतील. कुणीतरी आतून मिस्त्री म्हणून हाक मारली आणि ते गेले.

तेंदूपत्ता

विडीच्या कारखान्यातून पानं आणून मी परत वळायला बसले. बोटं विसरली नव्हती. भावाला निरोप गेला होता, रविवारी न्यायला येतो म्हणाला होता. मी भांडी निवडत होते. कुठली न्यायची, कुठली शेजारणीला द्यायची.

शनिवारी गल्लीत स्कूटर थांबली. हत्तुरे शेठ. गल्लीतल्या बायका दारांत आल्या, शेठ स्कूटरवरून उतरलेच नाहीत.

"चला उद्यापासनं. म्हणजे सोमवारपासनं."

"काय झालं?"

"येमुलनं सांगितलं. सगळ्यांना गोळा केलं त्यानं, टपरीवरच्यालासुद्धा. म्हणाला, उपरणं माझं होतं. माझी हळद झाली होती आणि लग्न मोडलं. बाईंनी मला झाकलं. त्यांचं नाव कुणी घ्यायचं नाही." शेठनी हँडल उगाच डावीउजवीकडं फिरवलं. "मला काही सुचंना. सगळ्यांना चहा सांगितला."

"ते काय करायले आता?"

"गाडी पत्र्यापर्यंत खरवडायलाय. कुणाला हात लावू देत नाही."

रविवारी भाऊ आला. मी त्याला जेवायला घातलं आणि परत पाठवलं.

नावं

माझं नाव कुणी घेतलं नाही, हे खरं. सगळे मिस्त्रींचं घेत होते.

"नवरदेव, स्पॅनर द्या." "नवरदेव, अंतरपाट धरू का?" काशिनाथनं सुरुवात केली आणि मग ती सवयच पडली. मिस्त्री हा शब्द गॅरेजमधून गेला. गिऱ्हाईकंसुद्धा विचारायची, नवरदेव कुठायत, आमच्या गाडीला तेच पाहिजेत. त्यात वाईट हेतू नव्हता म्हणतात. नसेल. मिस्त्री ओ द्यायचे.

गाडी अशी पांढरी झाली की शेठनी ती आठवडाभर दारात उभी करून ठेवली, लोकांनी बघावी म्हणून.

पहिल्याच सोमवारी चहाच्या वेळेला मी बादली उलटी करून ठेवली. मिस्त्री शेडच्या दारापर्यंत आले. ग्लास हातात होता. मागून काशिनाथ गुणगुणल्यासारखा म्हणाला, "हळद जुनी, मांडव नवा." हळूच म्हणाला. पण शेडपर्यंत आलं ते.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी नवऱ्यानं टाकलेली बाई होते. माझ्याबद्दल बोलायला लोकांना गाठोडंभर होतंच, त्यात आणखी भर घालायची नाही, एवढं त्यांच्या चेहऱ्यावर वाचता आलं. ते वळले आणि टपरीकडं गेले, बाकीच्यांत जाऊन उभे राहिले.

मी त्यांना हाक मारू शकले असते. अक्कानं मिस्त्रींना हाक मारण्यात काय होतं.

त्यानंतर ते शेडकडे आले नाहीत. फडकं लागलं तर कुणालातरी पाठवायचे. मी तिसऱ्या डब्यात सगळ्यात वर त्यांच्यासाठी बनियनच्या पाठी ठेवायचे. त्या रोज संपायच्या. आमचं एवढंच बोलणं उरलं होतं, आणि ते चांगलं चाललं होतं असं मी स्वतःला सांगत असे.

शर्ट

गॅरेज बंद होईपर्यंत मी तिथं होते. खोली अजूनही माझीच आहे. काम टिकलं, जे हवं होतं ते मला मिळालं, ही तक्रार नाही.

उन्हाळा लागायच्या आत काशिनाथ म्हणाला, "नवरदेव चालला. आज दुपारची गाडी." त्याचंही तोंड थोडं पडलेलं होतं.

मी शेठकडे अर्धा दिवस मागितला. पहिल्यांदाच मागितला होता, त्यामुळं त्यांनी कारण विचारलं नाही.

एसटी स्टँडवर मिस्त्री एका खांबाला टेकून उभे होते. एक पिशवी, एक पत्र्याची पेटी, आणि गोणपाटात बांधलेलं पिस्तूल.

"तुम्ही इथं?"

"मावसबहिणीला बसवायला आले होते."

"गेली?"

"गेली."

त्यांनी मान हलवली. मला मावसबहीण नाही हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. तरी वाटलं की माहीत आहे.

"भिवंडीला चाललो," ते म्हणाले. "टेम्पो रंगवायचं काम आहे. मोठं गॅरेज आहे म्हणे."

"बरं झालं."

"तिकडं कुणाला काही निरोप द्यायचा का?"

"कुणाला?" मी म्हणाले.

त्यांनी मग पिशवी या हातातून त्या हातात घेतली. गाडी फलाटाला लागली, लोक खिडक्यांतून रुमाल टाकायला धावले. मिस्त्री हलले नाहीत.

"त्या दिवशी टोकं बघून कळलं तुम्हाला," ते म्हणाले.

"कापड सांगतं."

"अजून काय सांगतं?"

त्यांचा शर्ट समोर होता. दुसरं बटण वेगळ्या दोऱ्यानं शिवलेलं, पुरुषी हातानं, चारही भोकांतून न घेता दोनच. कॉलर उलटवून घेतलेली. इस्त्री फक्त पुढच्या बाजूला, जिथं दिसतं तिथं, बाह्यांना नाही. डाव्या खिशाशी धुऊन धुऊन फिकट झालेला एक पांढरा ठिपका. घडी आजची होती, म्हणजे हा शर्ट आजच्यासाठी ठेवलेला होता. मला सगळं दिसत होतं. एकेक करून सांगता आलं असतं, खेळासारखं. ते हरले असते. मग कदाचित हसले असते. मग गाडी गेली असती आणि पुढची किती वाजता आहे ते आम्ही चौकशीच्या खिडकीवर विचारलं असतं.

"नवा टॉवेल पहिल्यांदा पाणी धरत नाही," एवढंच मी म्हणाले. "धुवावा लागतो."

मिस्त्रींनी पेटी उचलली.

"ते तर मलाही माहीत आहे," ते म्हणाले.

"माहीत असंल," मी म्हणाले.

कंडक्टरनं घंटी दिली.